उरणचा माणूस कापसात: आर्वी ते तुमसर, पाच दिवस

गेली अकरा वर्षं मी उरणला द्रोणागिरीत एका क्लिअरिंगवाल्याच्या ऑफिसात कंटेनरचे कागद करतो. शिपिंग बिल, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, दिवसभर तेच. माल कुठला त्या रकान्यात वर्धा, नागपूर, भंडारा असं टाईप करताना दरवेळी वाटायचं की आपण मूळचे तिकडचेच, आर्वी तालुक्यातले, आणि आपण साधं एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, आतून पाहिलेलं नाही. बाबा मास्तर होते, शेती काकाकडे, त्यामुळे आमचा कापसाशी संबंध दिवाळीला गादी भरण्यापुरता. यंदा संक्रांतीला सुट्टी टाकली, चुलतभावाला म्हणलं तुझी गाडी आणि पाच दिवस दे, पेट्रोल माझं. तो म्हणला, लोकं समुद्र पाहाले जातात, तू समुद्रापासून जिनिंग पाहाले येऊन राह्यला.

पहिला दिवस, १४ जानेवारी, गावाकडे

विदर्भ एक्सप्रेसनं वर्ध्याला उतरलो. थंडी अशी की प्लॅटफॉर्मवर चहावाल्याच्या शेगडीभोवती माणसं गोल करून उभी. (उरण-पनवेलवाल्यांनो, जानेवारीत येताना खरंच स्वेटर आणा, पातळ जॅकेटवर इथे भागत नाही.)

घरी गेल्यावर तिळगूळ झाला, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, वरून तिळाची चटणी. आणि झोपायची व्यवस्था कुठे, तर कापसाच्या खोलीत. काकानं भाव वाढेल म्हणून कापूस विकलाच नव्हता, पुढची खोली छताला टेकेपर्यंत भरलेली, दारात फळ्या लावून ढीग अडवलेला, आणि त्या फळ्यांच्या अलीकडे जेवढी जागा उरली तेवढ्यात माझी गादी. ऊब मस्त, पण कापसातले किडे अंगावर येतात, रात्रभर खाजवत होतो. सकाळी हातावर पुरळ. काकू म्हणाली, खोबरेल लाव, आम्ही रोजच लावतो.

जेवताना काकानं विचारलं, तू तिथं करतं काय नेमकं? मी सांगितलं की परदेशातून माल आला किंवा आपला गेला की त्याचे कागद. मग तो हळूच विषयावर आला. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं होतं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग वाढवून ३१ डिसेंबर २०२५ केलं. म्हणजे आमचा कापूस घरात यायच्या आणि विकायच्या ऐन दिवसांत बाहेरच्या गाठींना दार उघडं. २०२५-२६ चा हमीभाव कागदावर लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये होता, गावात येणारा व्यापारी त्याच्या खालीच बोलायचा.

"म्हंजे तो बाहेरचा कापूस तुह्याच बंदरातून येते न बे?"

मी भाकर मोडत बसलो. सगळा काही आमच्याकडून येत नाही, तुतिकोरिन आहे, मुंद्रा आहे. पण सप्टेंबरात आमच्या ऑफिसातून कापसाच्या आयातीच्या ज्या बिल ऑफ एंट्री गेल्या त्यातल्या काही मीच भरल्या होत्या. हे काकाला सांगितलं नाही. इथे लिहितोय, तो वाचत नाही ऑनलाईन.

दुसरा दिवस, सिंदी रेल्वे

आर्वी-वर्धा-सेलू करत सिंदीला. धुकं इतकं की पवनारपर्यंत चुलतभाऊ पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून चालवत होता. सिंदी माहीत नसेल तर, नागपूर-वर्धा रेल्वेवरचं छोटं गाव, तान्ह्या पोळ्यासाठी प्रसिद्ध, लाकडी नंदीबैल इथे माणसापेक्षा मोठे असतात. पण मी आलो होतो ड्रायपोर्टसाठी. आमच्या जेएनपीटीनं (म्हणजे उरणचं जवाहरलाल नेहरू बंदर, आता नाव जेएनपीए, पण तोंडात जुनंच बसलंय) इथे साडेतीनशे एकरांच्या आसपास जागा घेतली, २०१७ ला पायाभरणी झाली, २०२१ ला मल्टीमोडल लॉजिस्टिक पार्कचा करार झाला. शेजारून रेल्वे, जवळून समृद्धी महामार्ग. आत जायची परवानगी माझ्याकडे नव्हती, त्यामुळे आतलं काही सांगत नाही. बाहेरून फिरलो आणि स्टेशनाजवळच्या टपरीवर बसलो.

तिथे एक आजोबा, डोक्याला मफलर, हातात तंबाखूची डबी. ऐकून होते आमचं. म्हणाले, "पोर्ट पोर्ट म्हणता, पानी कुठी हाये?"

मग मी सांगायला बसलो, आणि सांगता सांगता मलाच बरं वाटलं कारण ऑफिसात हे कोणी विचारत नाही. समजा हिंगणघाटच्या माणसाला गाठी पाठवायच्यात. आत्ता एक तर ट्रकनं माल मुंबईकडे जातो, तिथे गोदामात उतरतो, मग कंटेनरमध्ये चढतो, म्हणजे दोनदा हमाली आणि पावसाळा असला तर भिजायची धास्ती. नाहीतर अजनीला नागपुरातच रेल्वेचा कंटेनर डेपो आहे, बराच जुना, तिथे कस्टमचं काम होतं, डब्याला सील लागतं, आणि मग ते सील थेट जहाजापर्यंत कोणी तोडत नाही. ड्रायपोर्ट म्हणजे हेच काम मोठ्या जागेवर. समुद्राचं पाणी सोडून बंदरातलं बाकीचं सगळं इथे आणून ठेवायचं.

आजोबांनी डबी बंद केली. "पोट्ट्यायले नोकऱ्या?"

खरं उत्तर लांबलचक आहे. मी अकरा वर्षं पाहतोय, धक्क्यावर क्रेन चालवणारी माणसं मोजकी असतात, दिवसेंदिवस कमीच. काम असतं गेटाच्या बाहेर. जेएनपीटीभोवती तीसच्या वर सीएफएस आहेत म्हणजे कंटेनर भरायची-उतरवायची यार्डं, शिवाय रिकाम्या डब्यांची यार्डं, ट्रेलरवाले, टायरवाले, वेल्डर, सर्व्हेयर, ढाबे, आणि आमच्यासारखे कागदवाले. १९८९ ला बंदर सुरू झालं तेव्हा उरणला यातलं काय होतं? मिठागरं आणि भातशेती. आता संध्याकाळी ट्रेलरच्या रांगेत रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागतात. पण हे काम आपोआप गावच्या पोराला मिळत नाही, त्याला फोर्कलिफ्टचं लायसन पाहिजे, कॉम्प्युटर पाहिजे, नाहीतर तो फक्त हमाल होतो आणि बाकीच्या खुर्च्यांवर बाहेरचे येऊन बसतात. एवढं सगळं मी बोललो. आजोबा म्हणाले, "म्हंजे आयटीआयवाल्यायले सांगाले पायजे." बस, एका वाक्यात आटपलं त्यांनी.

जेवण जाम चौकात, झुणका-भाकर आणि ठेचा. त्याच बाजूला समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे, तिथल्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. रस्त्यावर सुटी हळद मिळाली तर घ्या, वास आणि रंग दोन्ही वेगळे. आम्ही दोन किलो घेतली, गाडीची मागची सीट अजून पिवळी आहे.

तिसरा दिवस, हिंगणघाट

आज १६ जानेवारी. सकाळी मोबाईलवर उरणचे मेसेज येत होते, जासईला हुतात्म्यांना मानवंदना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९८४ ला १६ आणि १७ जानेवारीला सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. माझा घरमालक त्याच साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग बांधून बसलाय, दरवर्षी या दिवशी सकाळी पांढरा शर्ट घालून जातो. चुलतभावाला सांगितलं तर तो म्हणला, हे सिंदीच्या आजोबाले सांगाले पायजे होतं काल. खरंच राहून गेलं.

हिंगणघाट म्हणजे कापूस. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली, १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. 'हिंगणघाट' हे तेव्हा बाजारात कापसाच्या जातीचंच नाव होतं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही हे गाव बंदराच्याच दोरीला बांधलेलं, दोरी तेवढी बैलबंडीची होती.

ओळखीतून एका जिनिंगमध्ये आत जायला मिळालं. (टीप: न विचारता घुसू नका, आगीची भीती असते, काडेपेटी-लायटर गेटवर काढून घेतात, आणि तोंडाला रुमाल बांधा, मी बांधला नाही आणि दोन दिवस खोकत होतो.) आवारात कापसाचे पांढरे डोंगर, त्यावर पाईपनं कापूस ओढून आत नेतात. आत रेच्यांची, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांची रांग, आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. एका बाजूला रुई, खाली सरकी. पट्ट्याच्या दोन्ही अंगाला बायका बसलेल्या, कवडी, पाचोळा, प्लॅस्टिकची सुतळी वेचून काढतात. त्यातल्या एकीनं मला एक चिमूट दाखवली, गुटख्याच्या पुडीचा चंदेरी तुकडा, नखाएवढा. म्हणाली, हा गाठीत गेला न भाऊ, तं धाग्यात येते, कपड्यात येते, अन् मंग तिकडचा माणूस सगळा माल वापस करते. मी अशा परतलेल्या मालाचे कागद केलेत. क्लेम, सर्व्हे, फोटो, सहा-सहा महिने मेल चालतात. त्या सगळ्या मेलांची सुरुवात इथे या बाईच्या नखापाशी होते हे मला माहीत नव्हतं.

शेवटी प्रेस. रुई पेटीत पडते, वरून दाब येतो आणि भलं मोठं ढगासारखं काहीतरी एकदम ट्रंकेएवढं होऊन बाहेर येतं. पट्ट्या आवळतात, कापड चढतं, नंबर पडतो. एक गाठ १७० किलोची. त्याला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. चाळीस फुटी डब्यात पंचवीस-सव्वीस टन म्हणजे दीडशेच्या आसपास गाठी जातात, मी तिथेच मोबाईलवर हिशेब केला, साडेसातशे क्विंटल कापूस, आणि कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर दीडशे एकर. एका डब्यात दीडशे एकर. जेएनपीटीनं २०२४-२५ मध्ये वीस फुटी मापानं ७३ लाख डबे हाताळले. मग काकाची ती खोली आठवली, आणि तिथून पुढचा हिशेब केलाच नाही.

मॅनेजर मोकळा माणूस, चहा पाजला. त्याला वाढवणबद्दल विचारायचं होतं. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ नवीन बंदर होतंय, जून २०२४ ला केंद्रानं मंजुरी दिली, ७६ हजार २२० कोटींचं काम, ऑगस्टात पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी, पूर्ण झालं की वर्षाला २ कोटी ३२ लाख डब्यांची क्षमता. तिथे पाणी नैसर्गिकच वीस मीटरच्या आसपास खोल, म्हणून सगळ्यात मोठी जहाजं सरळ येतील, कोलंबो-सिंगापूरला माल उतरवून परत चढवायला नको. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे, मासेमारीची जागाच भरावात जाते म्हणतात, आणि मला तरी तो उगाच वाटत नाही, उरणच्या कोळ्यांचं काय झालं ते मी रोज पाहतो.

मॅनेजर म्हणाला, मोठ्या जहाजाचं ठीक आहे हो, मला रिकामा डबा वेळेवर मिळाला तरी पुष्कळ. ऐन सीझनमध्ये डबे मिळत नाहीत. कारण साधं आहे, विदर्भातून जाणारा माल जास्त आणि डब्यातून येणारा कमी, मग डबे उरणहून रिकामे आणावे लागतात आणि त्या रिकाम्या फेरीचं भाडं शेवटी गाठीवर चढतं. म्हणजे इकडे येणाऱ्या मालानं भरलेले डबे वाढले तरच इकडून जाणं स्वस्त होणार! मी काकाचा प्रश्न त्याला सांगितला तर तो फक्त हसला आणि दुसरा चहा मागवला.

चौथा दिवस, वरूड

तळेगाव-आष्टी करत वरूड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, आंबिया बहार संपत आलेला, मृग बहाराचा माल अजून झाडावर हिरवट-पिवळा. आणि इथे आमची फजिती झाली. लॉजवर फोनवर रूम सांगून ठेवली होती, गेलो तर कुठल्याशा कंपनीच्या ट्रेनिंगनं सगळं लॉज भरलेलं, आमचं नावच वहीत नाही. भांडून उपयोग नव्हता. चुलतभावाच्या ओळखीच्या एका पॅकिंगवाल्यानं सेंटरवरच झोपा म्हणलं, तर क्रेटच्या थप्प्यांमध्ये तणसावर सतरंजी टाकून झोपलो. लॉजपेक्षा शंभर पट बरं. रात्रभर संत्र्याचा वास आणि खाज नाही.

रात्री शेकोटीवर ज्वारीचा हुरडा, सोबत लसणाची चटणी. बागायतदार चार-पाच जण जमलेले. विषय एकच, बांगलादेश. इथला संत्रा रस्त्यानं तिकडे जायचा, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी आयात कर वाढवत वाढवत नेला, २०१९ ला किलोला वीसेक टाका (तिकडचं चलन) होता तो २०२३ ला ८८ वर गेला, नंतर शंभरी ओलांडली. एकजण म्हणाला, "दुसऱ्याच्या अंगणात वाळवण घातलं आमी, त्यानं झाडू मारला."

मग मला पकडलं. द्राक्षवाल्यांना समुद्रानं पाठवता येतं, आम्हाला काऊन नाही?

जानेवारी ते मार्च आमच्याकडे नाशिकच्या द्राक्षांच्या रीफर डब्यांची गर्दी असते. रीफर म्हणजे चालता फ्रीज, यार्डात उतरला की पहिलं काम प्लग लावायचा. पण द्राक्षवाले १९९१ पासून महाग्रेप्सच्या नावानं एकत्र येऊन हे शिकलेत, बागेतून काढल्यावर काही तासांत प्रीकूलिंग म्हणजे फळ गार करून घेणं, शून्य डिग्रीच्या आसपास थेट युरोपपर्यंत. आपल्या संत्र्याची साल सैल, हीच त्याची गंमत आणि हाच त्याचा घात, सोलायला सोपा पण दाब सोसत नाही, आणि बाहेरच्यांना बिया नको असतात. त्यात लाल समुद्रात २०२३ च्या शेवटापासून जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-पंधरा दिवस जास्तीचे. द्राक्षानं तग धरला. संत्र्याला आखाती देशांपर्यंतचा समुद्र झेपेल, पण त्यासाठी इथे गावात थंड खोली पाहिजे. बंदर कितीही मोठं केलं तरी वरूडला प्रीकूलिंग नसेल तर फळ रस्त्यातच मऊ पडतं. मी हे सांगितलं तेव्हा शेकोटीपलीकडून आवाज आला, "खोली हाय, लाईट नाई." सगळे हसले. मीही.

टीप: संत्री घ्यायची तर बागेतून क्रेटच घ्या, रस्त्यावरच्या ढिगातून नाही. आणि पातळ सालीचा, दिसायला जरा ओबडधोबड असला तरी तोच गोड निघतो.

पाचवा दिवस, भंडारा-तुमसर

पहाटे निघून काटोल-नागपूर करत भंडारा. नागपुरात तर्री पोहे, डोळ्यातून पाणी. भंडाऱ्याच्या पुढे मुलूख बदलतो, कापूस गायब, कापलेल्या धानाची खुंटं, त्यात लाखोरीची डाळ उगवलेली, आणि जागोजागी मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव.

तुमसरला राईस मिलमध्ये उसना तांदूळ पाहिला, धान भिजवायचं, वाफ द्यायची, वाळवायचं, मग भरडाई. वाफेचा आंबूस वास दूरपर्यंत येतो. इथला माल आमच्याकडे कमी येतो, काकीनाडा-विशाखापट्टणमकडे जास्त, तिथून आफ्रिका. मिलवाल्यानं २०२३ ची गोष्ट सांगितली, जुलैत पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद, ऑगस्टात उसन्यावर २० टक्के कर. तो कर पूर्ण निघायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. वर्षभर हमालांना आठवड्यातून तीन दिवस काम. बाजूला पोत्यांवर बसलेला एक हमाल, पन्नाशीचा, म्हणाला, "दिल्लीत कागद निंगते, इकडं आमची पाठ रिकामी रायते."

आणि या भागातलं मला कायम चकित करणारं. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. विशाखापट्टणमचं बंदर १९३३ ला सुरू झालं ते मुख्यतः मध्य प्रांतातलं हेच मॅंगनीज बाहेर न्यायला, त्यासाठी रायपूरकडून रेल्वेही टाकली होती. म्हणजे इथल्या मातीसाठी इतक्या लांब अख्खं बंदर बांधलं, आणि बंदराचं शहर झालं, आज ते शहर केवढं! आणि डोंगरी बुजुर्ग? रस्त्यावर काळी धूळ, एक चहाची टपरी, शाळेची भिंत काळपट. टपरीवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "इतकं मोठं गाव आमच्या दगडावर बसलं का?" आणि बिस्किटाचे पैसे घेतले नाहीत.

रात्री लाखनीजवळच्या एका गावात झाडीपट्टीचं नाटक. ठरवलेलं नव्हतं, रस्त्यात भोंगा फिरत होता. रात्री दहाला म्हणाले, साडेअकराला सुरू झालं, पहाटे साडेचारला संपलं. अंगावर घोंगडी घेऊन बायका-पोरं बसलेली, मधे लाखोरीच्या डाळीचे गरम वडे. (टीप: तिकीट पुढचं काढा पण चादर आणि टोपी विसरू नका.) कथा काय होती ते आता नीट आठवत नाही, पण मुंबईला कमवायला गेलेला मुलगा परत येत नाही असं काहीतरी होतं आणि पूर्ण मंडप रडत होता.

परत

भंडारा रोडला गाडी पकडली, सीटखाली संत्र्यांचं क्रेट, वर हळद. समोर एक पोरगा, वीस-बावीसचा, लाखांदूर तालुक्यातला, पाठीवर नवी कोरी सॅक. उरणला निघालेला, गावचा एकजण सीएफएसमध्ये सुपरवायझर आहे त्यानं बोलावलंय. मी उरणचा म्हणल्यावर त्याला बोलायला तोंड फुटलं. रूमचं भाडं किती, मेस कुठे, रात्रपाळी असते का, फोर्कलिफ्ट शिकवतात का कोणी. मी जमेल तेवढं सांगितलं, लायसनचं दोनदा सांगितलं. रात्री अकोला गेल्यावर त्यानं दिवा बंद करता करता विचारलं, "भाऊ, तिथं समुद्र दिसते न?"

मी आठवून पाहिलं. ऑफिसच्या खिडकीतून यार्ड दिसतं, यार्डामागे डब्यांच्या पाच मजली थप्प्या, त्यामागे क्रेनचे शेंडे. धक्क्यापर्यंत मी अकरा वर्षांत दोनदा गेलोय, दोन्ही वेळा पास काढून.

म्हणलं, सुट्टीच्या दिवशी पीरवाडीला जा, तिथे दिसतो. आणि क्रेटमधून एक संत्रं काढून दिलं.